मामंजी, तुमचा दगड

मामंजी, तुम्ही गेल्यावर आपल्या घरात पहिला गोंधळ झाला तो दगडावरून. ऐकून तुम्हाला बरंच वाटेल. हयातभर आम्ही सगळे तुमच्या दगडांवरून तुमच्याशी भांडलो, आणि तुमची पाठ फिरताच पुन्हा दगडच पुढ्यात येऊन बसला. फरक एवढाच, की या वेळी मिशीत हसायला तुम्ही नव्हतात.

धारमधली माणसं अजून भेटायला येतात. कॉलेजात तुम्ही भूशास्त्र कसं शिकवायचात, तुमच्या हाताखालून गेलेली मुलं आज कुठे कुठे आहेत, हे सगळं सांगतात. मी चहा देते आणि ऐकते. त्यांचे ते ‘सर’ मला नीटसे माहीत नाहीत. मला माहीत आहेत ते पँटचे दोन्ही खिसे खड्यांनी भरून, एका अंगाला कलत फाटकातून आत येणारे मामंजी. आल्या आल्या सासूबाई म्हणायच्या, “आले डोंगर घेऊन.” तुम्ही निमूटपणे खिसे रिकामे करायचात, आणि एखादा खडा तरी हमखास खिशातच राहायचा.

सुनेने सासऱ्यांना असं जाहीर पत्र लिहावं, हे आपल्या घरच्या रीतीत बसतं की नाही कोण जाणे. पण मराठीत लिहिते आहे म्हटल्यावर तुम्ही रागावणार नाही. मी देवासची, हिंदी शाळेत शिकलेली. आमच्या घरी मराठी बोलायचे, वाचायचं कुणी नाही. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही मला रोज संध्याकाळी मराठी मासिकं वाचून दाखवायला बसवलंत. जोडाक्षर आलं की माझी गाडी अडायची. तुम्ही कधी पुढचा शब्द सांगितला नाहीत. नुसते थांबायचात. डोळे बरे झाल्यावरही बरेच दिवस तुम्ही ‘अजून अंधुक दिसतं’ असं सांगत राहिलात, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी बोलले नाही, कारण मलाही ते बंद व्हायला नको होतं.

तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात तो दिवस आठवतो का? आमच्या पणजोबांनी देवासच्या दरबाराचे तंबू शिवले, आणि वडिलांचं टेकडीखाली शिंप्याचं दुकान. तुमच्याकडे पिढ्यानपिढ्या दरबारी अंमलदारी. माझं आणि मिलिंदचं पीथमपूरला कारखान्याच्या बसमध्ये जमलं आणि दोन्ही घरांत एकदम पंचाईत झाली. वडील घाबरले होते. तुम्हाला गादीवर बसवून म्हणाले, “साहेब, आधीच सांगतो. पोरगी कामाला तेज आहे, पण तुमच्यासारखं शुद्ध बोलता नाही येत तिला. आमच्यात सगळं मिक्स चालतं, भिया.” साहेबांना भिया, म्हणजे भाऊ, म्हटल्याचं लक्षात येऊन त्यांनी जीभ चावली. तुम्ही म्हणालात, “मला भिया म्हणणारं इतक्या वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. ठरलं म्हणायचं ना मग?” मी पडद्याआड उभी होते. त्या दिवसापासून माझे वडील तुमच्या नावाने पेढे वाटायला तयार असायचे.

नव्या सुनांना धारचे लोक नालछ्यावरून मांडूला नेतात. महाल दाखवतात, फोटो काढतात. तुम्ही म्हणालात, “मांडू कुठे पळून जात नाही,” आणि आम्हाला जीपमध्ये घालून थेट कुक्षीच्या बाजूला, बाघजवळच्या एका कोरड्या नाल्यात नेऊन उतरवलंत. सासूबाई डबा मांडीवर घेऊन जीपमध्येच बसून राहिल्या. मी नवी साडी सावरत तुमच्यामागे दगडगोट्यांतून. तुम्ही काठीने दरड दाखवलीत. तळाशी गोटे, त्यावर लालसर वाळूचा दगड, त्यावर पिवळट चुनखडी, आणि सगळ्यांच्या वर काळा दगड. “हा काळा लाव्ह्याचा. तापून आला आणि पसरला. आपलं धारचं घर त्याच्यावर उभं आहे. पण त्याच्या खालचं हे सगळं गाळाचं. इथे आधी नदी होती, मग समुद्र आला.”

“काय भी बोलता मामंजी! कुक्षीत समुद्र?”

मिलिंदने माझा दंड दाबला. तुम्ही मात्र असे खूश झालात, जणू मी एखादी परीक्षा पास झाले होते. म्हणालात, “बरोबर आहे. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही. ये, हात लाव.” आणि मी हात लावला तर चुनखडीत शिंपला होता. अख्खा, कडेच्या रेघांसकट. आमच्या देवासला समुद्राचं कुणी नाव काढत नाही, आणि माझ्या बोटाखाली शिंपला. मी रडायलाच लागले, आणि का ते मला आजही सांगता येणार नाही. तुम्ही दुसरीकडे बघत राहिलात आणि बोलत राहिलात. नदी वाळू आणते, ती तळाशी बसते, तिच्यावर दुसरी बसते, वरचं ओझं वाढत जातं, खालचे कण जवळ जवळ येतात, मधलं पाणी पिळून निघतं.

“आणि मग दगड होतो,” मी डोळे पुसत म्हटलं.

“नाही होत. नुसत्या ओझ्याने दगड होत नाही. पुढचं घरी.”

पुढचं घरी म्हणजे थेट दिवाळीत. सासूबाई रव्याचे लाडू वळत होत्या. तुम्ही स्वयंपाकघरात आलात, परातीतला कोरडा भाजलेला रवा मुठीत घेऊन दाबलात. लाडू झाला. ताटलीत ठेवला आणि बोट लावल्याबरोबर ढासळला. मग पाकातल्या रव्याचा एक वळलात. तो राहिला. “कणांच्या फटींतून पाणी झिरपत असतं,” तुम्ही मला म्हणालात. “त्या पाण्यात चुना विरघळलेला असतो, कधी लोह, कधी गारगोटीचा अंश. जाता जाता ते थोडं थोडं मागे ठेवून जातं, त्याने कण बांधले जातात. वाळू दाबाखाली कितीही वेळ पडून राहू दे, हा पाक मिळाला नाही तर वाळूच राहते.”

“माझा रवा नासवू नका,” सासूबाई म्हणाल्या. “शिकवायचं तर कॉलेजात जाऊन शिकवा. आणि गं, तूही काय बघत बसलीस?”

त्या दिवसांत मला या घरात ओझंच जास्त जाणवायचं, मामंजी. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सासूबाई वाईट नव्हत्या. पण ‘आमच्यात असं नसतं’ हे वाक्य दिवसातून इतक्यांदा ऐकू यायचं की मी बोलायच्या आधी मनात वाक्य धुऊन घ्यायची. फोडणी, देवपूजा, सोवळं, पाहुण्यांशी बोलणं, सगळीकडे मी थोडी चुकीची. शिफ्टची बस पकडायला बाहेर पडले की श्वास मोकळा व्हायचा. आणि पहाटेच्या त्या बसपर्यंत तुम्ही सोबत यायचात. “काय देवास, आज काय म्हणतो कारखाना?” मला घरात देवास म्हणणारे तुम्हीच. मी माझ्या मूळच्या भाषेत हवं तसं बोलायची आणि तुम्ही हवं तसं ऐकायचात. बस येईपर्यंतचा तो वेळ होता म्हणून मी टिकले. पाक तुम्ही होतात. जिवंतपणी तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही लगेच म्हणाला असतात की उपमा चुकली, आणि कशी चुकली ते घरापर्यंत समजावत आला असतात.

आपलं खरं भांडण चिठ्ठ्यांचं. आंब्याच्या लाकडी पेट्यांत तुमचे दगड ओसरीभर पसरलेले, आणि एकावरही नाव नाही, गाव नाही. मी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणारी. आमच्याकडे चिठ्ठी नसलेलं पोतं जागचं हलत नाही. मी एका सुट्टीत बसून निम्म्या दगडांना चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी बसून सगळ्या सोलून काढल्यात. “चिठ्ठी लावली की माणूस चिठ्ठी वाचतो. दगड बघायचा राहून जातो.” मी म्हटलं, हा हट्ट आहे. तुम्ही म्हणालात, असू दे. अगदी शेवटच्या आठवड्यात, उशीला टेकून बसला होतात तेव्हाही मी विषय काढलाच. “मामंजी, तुमच्यामागे हे कोण ओळखणार?”

“तू.”

“मला टाइम कुठे आहे? मी नाही ओळखणार, आधीच सांगून ठेवते.”

तुम्ही हसलात आणि पाणी मागितलंत. भांडण तिथेच राहिलं. त्याचा निकाल माझ्या विरुद्ध लागला, आणि तोच सांगायचा आहे.

मुक्तिधामात, स्मशानात, गुरुजी म्हणाले, इथलाच एखादा दगड घ्या. मिलिंदने पायाशी होता तो उचलला. त्या दगडाने मडक्याला भोकं पाडली, आणि तोच तुमचा जीवखडा झाला. दहाव्यापर्यंत गेलेलं माणूस त्या दगडात असतं, त्याला तहान लागते, म्हणून त्याच्यावर रोज तीळ-पाणी द्यायचं, आणि दहाव्याला तो नदीत सोडायचा. तुम्ही यातलं काही मानत नव्हतात, पण कुणाला अडवतही नव्हतात. खडा घरात घ्यायचा नाही म्हणून परसातल्या कट्ट्यावर पांढऱ्या फडक्यात ठेवला होता. मिलिंद रोज सकाळी अंघोळ करून पाणी द्यायचा. सासूबाई मागच्या दाराच्या उंबऱ्यात उभ्या राहून बघायच्या. शेवटचा थेंब पडेपर्यंत हलायच्या नाहीत.

दहाव्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मिलिंद दुसऱ्या दिवशीची तयारी बघायला परसात गेला. फडकं होतं. खडा नव्हता.

कट्ट्याखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, जास्वंदीच्या बुंध्याशी पाहिलं. मग मागच्या दारातून सासूबाईंचा आवाज आला, “मी उचलला.” दुपारी वाऱ्याने फडकं उडालं होतं. त्या कपडे काढायला गेल्या, कट्ट्यावर नुसता दगड दिसला, त्यांनी तो उचलला आणि ओसरीवर पेटीत टाकला. “हाताला सवय गं,” त्या म्हणाल्या. “दगड दिसला की उचलायचा आणि पेटीत टाकायचा. लग्न झाल्यापासून तेच तर केलं. खिशातून, बादलीतून, अंथरुणातून. मनात काही आलंच नाही.” आणि त्या तिथेच, पायरीवर बसल्या.

जगात दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक होणार नाही, मामंजी. दगडाच्या घरात दगड हरवला.

मिलिंदने गुरुजींना फोन लावला. माणूस भला. म्हणाले, “घबराहट नको. मिळाला तर उत्तमच. नाहीच मिळाला तर दुसरा घेऊ. पण मग पहिल्यापासून सगळं पाणी पुन्हा द्यावं लागेल.” फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी एवढंच ऐकलं. “म्हणजे इतके दिवस दिलेलं त्यांना मिळालं नाही? तहानलेले राहिले? माझ्या हाताने?” त्यांचा चेहरा मला बघवेना. ‘आमच्यात असं नसतं’ म्हणणारी बाई, आणि तिच्याच हातून हे झालेलं.

मिलिंदला दगडांचं काही कळत नाही, हे तुमचं जुनं दुःख. त्याला एवढंच आठवत होतं, की मुठीएवढा, खडबडीत, आणि आत गोटे दिसत होते. पेट्यांत गोटे असलेले दगड काय थोडे आहेत? त्या नाल्याच्या तळाचा तुमचा लाडका थरच तो. मी पेट्या दिव्याखाली ओढल्या. आधी पिवळी चुनखडी बाजूला केली. शिंपले बाजूला. नुसत्या वाळूचे लाल दगड बाजूला. उरले गोट्यांचे, दहाबारा. धूळ आणि संध्याकाळचा उजेड, सगळे सारखेच दिसायला लागले. मी रडकुंडीला आले. तुमच्यावर इतका राग आला म्हणून सांगू. एक चिठ्ठी, मामंजी, एक चिठ्ठी लावू दिली असतीत तर!

मग मी तेच केलं जे मासिक वाचताना तुम्ही करायचात. थांबले. एकेक दगड हातात घेऊन बघायला लागले. पहिला घेतला, त्यातले गोटे गुळगुळीत, लहानमोठे, वेगवेगळ्या रंगांचे. नदीने लोळवत आणलेले, कोपरे झिजलेले. दुसरा तसाच. तिसरा तसाच, मध्ये तांबूस लोहाचा पाक. असं करत एक हातात आला. त्यातले खडे सगळे काळे, सगळे एका मापाचे, आणि प्रत्येकाला धारदार कोपरे. पाण्याचा हात त्यांना लागलेलाच नव्हता. मधला मसाला राखाडी. हे नदीचं काम नव्हतं. ही क्रशरची गिट्टी होती, यंत्राने फोडलेली खडी. उलटा केला तर एका कडेला मडक्याची लाल माती घासलेली, आणि एका खळग्यात तीळ अडकलेला.

“हाच,” मी म्हटलं. “पण हा दगड नाही. काँक्रीट आहे.”

मुक्तिधामात नवी शेड झाली आहे ना, तिचाच पडलेला तुकडा. मिलिंद बघतच राहिला. “मी बाबांसाठी सिमेंटचं ढेकूळ उचललं?” तो म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं, आणि त्या हसण्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. तुमचा मुलगा आहे, तुमच्यासारखाच, तोंड भिंतीकडे करून रडतो.

मला भीती सासूबाईंची होती. खरं सांगायला नको होतं का? त्या उठल्या, दिव्याखाली आल्या, तुकडा माझ्या हातातून घेतला. लग्न झाल्यापासून इतके दगड उचलले, पण त्या दगडाकडे बघताहेत असं मी पहिल्यांदा पाहिलं.

“वाळू आहे का यात?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“आणि हे गोटे?”

“फोडलेले आहेत. पण आहेत.”

“आणि धरून ठेवणारं?”

“सिमेंट. ते चुनखडीचंच करतात.”

त्यांनी तुकडा दिव्याकडे धरून फिरवून पाहिला. मग तो तुकडा पदराने पुसून माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, “मग चालेल त्यांना. घाईत झालाय, एवढंच.”

म्हणजे सगळं ऐकत होत्या, मामंजी. तुम्ही समजत होतात की भिंतीला शिकवता आहात. लाडू वळताना, जीपमध्ये बसून, पोळ्या लाटताना, त्यांनी तुमचा एकही तास चुकवलेला नाही. हे तुम्हाला माहीत होतं का? नसेल तर मला तुमच्यासाठी वाईट वाटतं, आणि असेल तर तुम्ही मला सांगायला हवं होतंत.

सकाळी गुरुजींनाही सांगितलं. ते म्हणाले, ज्याने मडकं फुटलं तोच खरा, कशाचा आहे ते विचारायचं नसतं. खलघाटाला नदीवर निघताना मी रीतीप्रमाणे घरी थांबणार होते. आपल्याकडच्या बायका जात नाहीत. सासूबाई फाटकापर्यंत आल्या आणि मला म्हणाल्या, “गाडीत बैस. वाटेत पुन्हा हरवला तर हा काय ओळखणार आहे?” शेजारच्या काकू बघत होत्या. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून गुरुजी दोन पावलं मागे सरले नाहीत तोच. कसली इच्छा मागे राहिली नाही म्हणून बरं वाटायला हवं, पण मिलिंद जरा हिरमुसलाच. बापाने आपल्यात थोडं तरी अडकायला हवं होतं, असं त्याला वाटलं असणार. मला मात्र ते तुमच्या स्वभावाला धरून वाटलं. कुणाला तिष्ठत ठेवणं तुम्हाला जमायचंच नाही.

खड्याला तेल लावलं. मिलिंद गुडघाभर पाण्यात उतरला. मी काठावर, पदराचं टोक पाण्यात. त्याने हात पाण्याखाली नेला आणि मोकळा वर काढला. एवढंच झालं. मनात खूप काही बोलायचं ठरवून आले होते. ऐन वेळी तोंडातून निघालं ते “जाऊ का मामंजी?” इतकंच, बस आली की म्हणायची तसं. शेजारी कुणाच्या तरी दहाव्याची गडबड चालली होती, त्यांचे गुरुजी त्यांना वेळ झाल्याची आठवण करत होते, आणि आम्ही जागा सोडली.

घरी पोहोचलो तेव्हा सासूबाई ओसरीवर पेट्यांपाशी बसल्या होत्या. कावळा शिवला का, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी मला विचारलं, मिलिंदला नाही.

“पाणी कसं होतं गं नदीला?”

“गढूळ होतं, आई. वर कुठे तरी खूप पाऊस झालाय. नुसती माती येत होती.”

मी त्यांना आई कधी म्हटलं नव्हतं. सासूबाईच म्हणायचे, तुमच्या घरची रीत. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, मला कळलं नाही. त्या माझ्या ओल्या पदराकडे बघत होत्या.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे एव्हाना पहिला थर बसला असेल त्यांच्यावर.”

आणि मग, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडल्या.